गल्लीत एकच तुळस जगली

आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळाला यंदा अंक काढायची हुक्की आली. मी जन्मभर शाळेत शिकवलं, म्हणजे मला मागाल ते लिहिता येतं असा बायकांचा समज आहे. अध्यक्षीणबाई घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तुळशीवर लिहा. औषधी उपयोग, स्वयंपाकातले उपयोग. छान, मन प्रसन्न होईल असं लिहा." म्हटलं बरं. त्यांना एक पान लिहून दिलं. ते कुणीही लिहील. हे मात्र त्यांना देणार नाही.

त्या पानात काय आहे ते सांगते, नाहीतर कुणी म्हणायचं बाईंनी तुळशीचे गुण लपवले. मूठभर पानं, सुंठेचा तुकडा, थोडी मिरी आणि गुळाचा खडा घालून पाणी निम्मं होईस्तोवर उकळायचं, त्या काढ्यानं घसा मोकळा होतो. चहात दोन पानं टाकली की पावसाळी सर्दीला उतार पडतो. तोंड आलं तर कोवळी पानं चावायची. तिची बहीण सब्जा. त्याचं काळं बी भिजवलं की फुगून बुळबुळीत होतं, ते उन्हाळ्यात दुधात नाहीतर लिंबाच्या सरबतात घालून प्यायचं, उन्हाळी लागलेली थांबते. आता पोरंसोरं शेवयासारखं काहीतरी खातात आणि त्यावर परदेशी तुळस टाकतात, तीही याच खानदानातली. आणि ठेचा. हिरवी मिरची, भाजलेले शेंगदाणे, लसूण, मीठ आणि तुळशीची थोडीच पानं, जास्त झाली तर तिखटाला कडवटपणा येतो. गरम ज्वारीच्या भाकरीवर हा ठेचा घ्यावा आणि गप जेवावं.

हे सगळं मला माझ्या मायनं शिकवलं. आणि त्याच तुळशीपायी मायचं काय झालं ते त्या पानात नाही.

नवा जिल्हा झाला तेव्हा आम्ही मुखेडकडचं गाव सोडून लातूरला आलो. बाबा कारकून होते. जिल्हा नवा म्हटल्यावर कचेऱ्या नव्या, कचेऱ्यांना माणसं लागणार. बाबांची बदली झाली आणि आम्ही ट्रंका बांधल्या. मी तेव्हा परकर घालायच्या वयाची, शाळेत जाणारी. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी धर्म बदलला त्या वर्षी घरातले देव नदीत सोडले होते आणि अंगणातली तुळस मुळासकट उपटून उकिरड्यावर टाकली होती. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानानं सांगितली जायची. मलाही तिचा अभिमान आहे.

किरायाचं मकान मिळालं ते एका म्हाताऱ्या मुसलमान मालकाचं. तो स्वतः उदगीरला राहायचा. त्यानं बाबांना एवढंच विचारलं, "बच्चे कितने?" बाबा म्हणाले, एक. तो म्हणाला, "अच्छा है," आणि किल्ली दिली. तो काही विचारणारा नव्हता. विचारणारी गल्ली होती.

सगळेच बदलून आलेले, कुणी कुणाला ओळखत नव्हतं, म्हणून सगळे एकमेकांना हुंगून राहिले होते. नळावर, दळणाच्या गिरणीत, दारात, एकच प्रश्न फिरायचा. "गाव कोणतं? पाव्हणे कोणकोणते? बरं, मग तुम्ही कोणाच्यात?" आमचं आडनाव गावावरनं पडलेलं, त्यावरनं काही उमजत नाही. माय म्हणायची, "आमी मुखेडकडचे," आणि हातातलं काम पुढं दामटायची. खोटं बोलायची नाही. पण खरं बोलायची घाईही करायची नाही. बुद्धाची तसबीर आतल्या खोलीत लावली होती, कारण पुढच्या खोलीच्या भिंतीत खिळा बसत नाही असं तिनं बाबांना सांगितलं होतं. खिळा चांगला बसत होता. तिनं माझ्यादेखत ठोकून पाहिला होता आणि परत उपटला होता.

आता तुळस. आधीचा किरायेदार दारात डालड्याचा एक डबा टाकून गेला होता, त्यात तुळशीची चार वाळकी काटकं. बाबा तो डबा फेकायला निघाले. मायनं त्यांच्या हातातनं घेतला.

"काय करायचंय हे?" बाबा म्हणाले. "देव घराबाहेर काढले आणि तुळस दारात ठेवायची?"

"आवो, झाड हाय ते. मी त्याला हात जोडून राहिले का? तुमी रातचं खोकू खोकू बेजार होतात, त्याला पाला लागतोय."

बाबांचा खोकला खरा होता. जुन्या जिल्ह्याहून नव्या कचेरीत दप्तरांचे गठ्ठे आले होते, ते सोडायचं आणि लावायचं काम बाबांकडं. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा धुळीनं पांढऱ्या झालेल्या असायच्या. मायनं त्या काटकांना भांडी विसळलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, माझ्या आंघोळीचं पाणी, जे हाताला येईल ते घातलं. दुष्काळात चांगलं पाणी झाडाला कोण घालतंय! महिनाभरात डबा हिरवागार झाला. मग सकाळ-संध्याकाळ काढा सुरू झाला. बाबा नाक मुरडत प्यायचे, पण प्यायचे. खोकला खाली बसला तसा त्यांचा आवाजही खाली बसला, आणि तुळशीवरनं भांडण मिटलं.

दुष्काळ म्हणजे काय ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. जिल्हा नवा मिळाला, पाऊस मात्र जुन्या खोडीचाच. त्या साली श्रावण कोरडा गेला, भादवा कोरडा गेला. नळाला आठवड्यातनं एकदा पाणी, तेही करंगळीएवढं. टँकर यायचा, पण त्याला ना वेळ ना काळ. आला की बायका घागरी घेऊन पळायच्या, एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. आणि माय पोटुशी होती.

हे बाबांना आणि मला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आमच्या घरातही ते फार जपून बोललं जायचं. कारण गावाकडं तिचं एक असंच गेलं होतं. भरली घागर घेऊन नदीचा उतार चढताना ती घसरली होती, आणि पाच महिन्यांचं पोट रिकामं झालं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षांनी हे दिवस राहिले होते. माय रोज पोटावर हात ठेवून बसायची आणि मला म्हणायची, "औंदा पाणी उचलायचं न्हाई गं मी. काय बी हू दे, उचलायचं न्हाई." बाबा कचेरीत जायच्या आधी दोन घागरी भरायचे, मी शाळेत जायच्या आधी कळशी भरायची. पण पुरायचं नाही.

आमच्या शेजारच्या घरात आड होता. अख्ख्या गल्लीत तेवढ्याच आडाला पाणी टिकलं होतं. त्या घरातल्या बाईंना मी आडवाल्या काकू म्हणायची. माय त्यांना अक्का म्हणायची. गोऱ्या, अंगानं भरलेल्या, बोलायला गोड. एके दिवशी मायला दारात पाठ धरून उभी पाहिली आणि त्यांना कळलं.

"कितवा?"

"चौथा."

"आणि तुम्ही टँकरच्या रांगेत जाऊन राहिलात? वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आमचा आड चार पावलांवर आहे. आजपासून पोरीला पाठवा. मी स्वतः शेंदून देते. तुम्ही घागरीला हात लावायचा नाही, सांगून ठेवते!"

आणि त्यांनी दिलं बरं का. उगाच नावं ठेवायला मी बसलेली नाही. मी घागर घेऊन गेले की काकू स्वतः पोहरा सोडायच्या, रहाट कुरकुरायचा, त्या घागर भरायच्या आणि निम्म्या वाटेपर्यंत आणून द्यायच्या. मायला कधी शेवग्याच्या शेंगा, कधी लिंबाचं लोणचं. मायनंही काही कमी केलं नाही. काकूंना खोकला झाला तेव्हा तांब्याभर काढा रोज त्यांच्या घरी. त्या प्यायच्या आणि गल्लीभर सांगायच्या, "वहिनींच्या हाताला गुण आहे." मायचा चेहरा मग असा उजळायचा की मला बघवत नसे. इतकी वर्षं कुणी तिच्या हाताला गुण आहे म्हटलेलं नव्हतं.

काकू आमच्याकडं ओसरीवर येऊन बसायच्या, आत यायच्या नाहीत, मायही बोलवायची नाही. पण ओसरीवरनं चूल दिसते. एकदा माय खलबत्त्यात तुळशीचा ठेचा कुटत होती. काकू अर्ध्या उठल्या.

"अगं बाई! तुळस कुटून राहिलात? तुळस दातानं चावायची नसते. नुसतं पान गिळायचं असतं. तुमच्या सासूबाईंनी सांगितलं नाही का?"

"न्हाई सांगितलं," माय म्हणाली. यात खोटं काही नव्हतं.

"आणि परवा तुम्ही रविवारचं तोडत होतात. रविवारी, द्वादशीला, पौर्णिमेला तोडत नसतात. दिवस मावळल्यावर तर हातच लावायचा नाही. अन् तिच्यापुढं दिवा का लावत नाही?"

काकूंच्या मनात संशय नव्हता. खेड्यातली बाई आहे, वळण नाही, शिकवलं की शिकेल, एवढंच. आणि माझी माय शिकली. ज्या बाईच्या सासऱ्यानं तुळस उपटून उकिरड्यावर फेकली, ती बाई रविवारी तुळस तोडायची बंद झाली. खलबत्ता आतल्या खोलीत गेला. आणि एका संध्याकाळी काकू ओसरीवर असताना तिनं पणती लावून डब्यापुढं ठेवली. बाबा तेवढ्यात कचेरीतनं आले. त्यांनी पणतीकडं पाहिलं, मायकडं पाहिलं, आणि काकू जाईपर्यंत थांबले.

मग म्हणाले, "पाण्यासाठी दिवा लावलास तू."

"हाव, पाण्यासाठी लावला," माय म्हणाली. "तुमी आणता का पाणी? आणा, इझवते आत्ता. मला हे लेकरू पायजे. त्याच्यासाठी मी दगडापुढं बी लावीन."

बाबा उठले. ते आतल्या खोलीत जाऊन तसबिरीपुढं बसून राहिले. पणती विझवली मात्र नाही, त्यांनीही नाही.

कार्तिक आला तोपर्यंत गल्लीतल्या सगळ्या तुळशी वाळल्या होत्या. वाळणारच. तुळशीला खरकटं पाणी घालायचं नसतं, आंघोळीचं चालत नाही, ताजं, चांगलं पाणी पाहिजे. आणि चांगलं पाणी होतं कुठं? आडवाल्या काकूसुद्धा आडाचं पाणी पिण्या-रांधण्यापुरतंच वापरायच्या. चांगल्या घरांतली वृंदावनं रंगवलेली आणि आत काटक्या. आमच्या डालड्याच्या डब्यात मात्र कमरेएवढी तुळस, मंजिऱ्यांनी वाकलेली. ती का जगली हे काय मायनं कुणाला सांगितलं नाही.

काकू एकादशीला आल्या त्या हसतच. "वहिनी, तुमच्या तुळशीवर देवाची कृपा आहे हो. गल्लीत एवढी एकच राहिली. सगळ्या बायकांचं ठरलंय, यंदा तुळशीचं लग्न तुमच्याच दारात. उद्या संध्याकाळी. ऊस आमचा, बाळकृष्ण आमचा, चिरमुरे-बत्तासे सगळ्यांचे. तुम्ही फक्त डब्याला गेरू लावा."

माय हो म्हणाली. काय म्हणणार होती? रात्री बाबांसमोर ती रडली नाही, भांडली नाही, नुसती विनवणी केली. "आवो, तुमी उद्या हापिसात जरा उशिरापर्यंत बसा. तासाभराचं हाय. बाया येतील, गाणी म्हणतील, जातील. मग सांगा कुणाला काय सांगायचं ते. माझे आणखी तीन-चार महिने निघू द्या." बाबा म्हणाले, "बरं. बसतो." हे मी माझ्या कानानं ऐकलं आहे. बाबांनी मायचं मन राखलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं नातेवाइकांनी बाबांना फार बोल लावले.

दुसऱ्या दिवशी आमच्या दारात सडा पडला, तोही जपून, तांब्याभर पाण्याचा. उसाचा मांडव उभा राहिला. तुळशीला हिरवी बांगडी, लाल चिंधीचं लुगडं, बुडाशी आवळे आणि चिंचा. बायका नटून आल्या. आमच्या दारात, आमच्या! माय नवं लुगडं नेसून पोट सावरत उभी होती आणि मला ती फार सुंदर दिसली. गावाकडं आम्ही अशी लग्नं वेशीपासनं बघायचो.

भटजी आले. त्यांनी पाट मांडला, पळी-पंचपात्र मांडलं, आणि इकडंतिकडं पाहून म्हणाले, "यजमान कुठंयत? कन्यादान आहे, यजमानाशिवाय कसं व्हायचं?"

माय म्हणाली, "त्यांला हापिसात काम हाय. यायला वखत लागंल."

आणि आडवाले काका, काकूंचे मालक, एरवी ज्यांनी सुपारीचं खांडही स्वतः उठून घेतलं नसतं, ते ताडकन उठले. "त्यात काय! मी घेऊन येतो." त्यांनी स्कूटरला लाथ मारली आणि माय "राहू द्या, राहू द्या" म्हणेपर्यंत गेले सुद्धा. बघा माणसाचा चांगुलपणा कधी आणि कुठं उपटतो! थोड्याच वेळात बाबा स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून दारात हजर. त्यांच्या भुवया तशाच पांढऱ्या. काकांनी त्यांच्या खांद्यावर उपरणं टाकलं आणि पाटावर बसवलं. सगळी गल्ली हसत होती. बाबा मायकडं बघत होते.

भटजींनी बाबांच्या हातावर पाणी घातलं. "हं, आता संकल्प. नाव?" बाबांनी नाव सांगितलं. "गोत्र?"

बाबा बोलले नाहीत.

"गोत्र हो, गोत्र. तुमचं गोत्र कोणतं?"

काकांना वाटलं ह्यांना ठाऊक नाही. खेड्यातल्या माणसाला नसतंच ठाऊक. ते मागून वाकले आणि हळूच म्हणाले, "कश्यप म्हणा. ज्याला माहीत नाही त्याचं कश्यप." भटजींनीही मान हलवली, "हो हो, चालतं. म्हणा कश्यप." एवढी सोय! एक शब्द म्हणायचा. तीन अक्षरं. मायचे ओठ हललेले मला दिसले. म्हणा की हो, म्हणा. तिच्या सगळ्या तोंडावर तेच होतं.

बाबांनी हातावरचं पाणी खाली सोडलं. उपरणं काढलं, घडी घातली, काकांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आम्ही बौद्ध आहोत. आम्हाला गोत्र नाही."

आवाज चढवला नव्हता त्यांनी. कचेरीत साहेबाला उत्तर द्यावं तसं बोलले.

पुढं काय झालं ते फार सांगण्यासारखं नाही, कारण काही झालंच नाही. कुणी ओरडलं नाही. कुणी शिवी दिली नाही. भटजींनी पळी-पंचपात्र पिशवीत भरलं. बायकांना एकदम घरची कामं आठवली. एकीनं आपल्या पोराच्या हातातले बत्तासे काढून घेतले, ते खाली ठेवायचे की फेकायचे हे तिला कळेना, मग तिनं ते आमच्या पायरीवर नीट ठेवले. काकूंनी बाळकृष्ण उचलला, पदराखाली घेतला, आणि मायकडं न बघता गेल्या. ऊस तसाच उभा राहिला. माय खांबाला टेकून उभी होती. तिनं बाबांना एवढंच विचारलं, "झालं का समाधान?"

मला बाबांचा राग आला होता. आजही येतो. आणि ते "कश्यप" म्हणाले असते तर मला त्यांचं तोंड बघावंसं वाटलं नसतं, हेही खरं. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू? बाप खरं बोलला, आणि भरलं मायनं. आमच्या घरात हे असंच चालत आलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर घेऊन गेले तर आडावर दोर नव्हता, पोहरा नव्हता. रहाट तेवढा रिकामा. काकूंनी आतूनच सांगितलं, "पाणी खाली गेलंय गं. पोहरा पोचत नाही." मी आडात डोकावले. पाण्यात माझं तोंड चांगलं दिसत होतं. बाबा संध्याकाळी काकांशी बोलायला गेले, तर काकांनी खुर्ची दिली, पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या आणि म्हणाले, "गैरसमज करून घेऊ नका साहेब, आड आटलाय." बाबांना कायदा पाठ होता, कलमं पाठ होती. पण तक्रारीत लिहायला एक वाक्य तरी कुणी बोललं पाहिजे ना! ते गल्लीनं दिलंच नाही. शहाणी माणसं.

त्याच्याही दुसऱ्या दिवशी काकू स्वतः आल्या. दुपारची वेळ. हातात स्वच्छ घासलेलं ताट. ओसरीवर चढल्या नाहीत, पायरीखालीच उभ्या राहिल्या.

"वहिनी, थोडी तुळस पाहिजे होती. उद्या पौर्णिमा, पौर्णिमेला तोडता येत नाही, म्हणून आजच. घरी सत्यनारायण घातलाय. आणि आडातही सोडायचीये जराशी, शुद्धीला."

मला आधी कळलंच नाही. मायला कळलं. आमच्या घागरी लागून आड बाटला होता, आणि तो शुद्ध करायला गल्लीत दुसरी तुळस नव्हती. माय उठली, डब्याकडं निघाली. सवयीनंच निघाली असेल. कुणी पाला मागितला की ती तोडून द्यायची. काकू घाईनं म्हणाल्या, "नको नको, तुम्ही हात लावू नका. मीच घेते तोडून."

माय थांबली. "माज्या हातानं चालत न्हाई, आन् माज्या दारातली चालती व्हय अक्का?"

"तुळशीला विटाळ नसतो, वहिनी," काकू म्हणाल्या. अगदी मायेनं समजावून सांगितलं त्यांनी, जसं रविवारचं सांगितलं होतं.

माय आत गेली. मोरीतली बादली घेऊन बाहेर आली. भाकरीच्या परातीचं, कढईचं, खरकटं पाणी, वर तेलाचा तवंग. काकूंच्या डोळ्यांदेखत तिनं ते सगळं डब्यात ओतलं. "हेच पाणी घालते मी हिला, रोज. याच पाण्यावर जगली ती. आता तोडा, पायजे तेवढी तोडा."

मला वाटलं आता काकूंचा हात मागं जाईल. ताट घेऊन त्या परत जातील, निदान तोंड तरी वाईट करतील. त्यांनी क्षणभर डब्याकडं पाहिलं. मग पदर खोचला, वाकल्या आणि वरच्या वरच्या मंजिऱ्या खुडायला लागल्या. "धुऊन घेईन," म्हणाल्या.

आडाच्या पाण्यानंच धुतल्या असतील. दुसरं पाणी होतं कुणाकडं? पौर्णिमेला त्यांच्याकडं आरत्या झाल्या, शिऱ्याचा वास आमच्या घरात आला. सकाळी आडावर दोर आणि पोहरा परत लटकत होते. पाणी पुन्हा वर आलं होतं म्हणे.

त्यानंतर आम्ही टँकरवर. मी कितीदा शाळा बुडवली. बाबा कचेरीतनं मधेच पळून यायचे, साहेबाची बोलणी खायचे. पण टँकरला आमची वेळ ठाऊक नव्हती. तो आला आणि आम्ही दोघंही घरी नसलो की माय काय करणार? पाण्याशिवाय संध्याकाळची चूल कशी पेटवणार? ती म्हणायची, अर्धीच घागर आणली. अर्धी नसायची. रांगेत बायका तिला "घागर जरा लांब ठेवा" म्हणायच्या, म्हणजे शेवटी तिचा नंबर, म्हणजे उन्हात तेवढा वेळ उभं राहणं. आमच्या दारावरनं जाताना काकू मान खाली घालायच्या. काढा पिऊन बसलेला त्यांचा खोकला मात्र परत आला नाही, एवढं तुळशीच्या बाजूनं सांगायला हरकत नाही.

पौषात एका दुपारी मी शाळेतनं आले तर माय उंबऱ्याशी बसलेली, शेजारी भरलेली घागर. लुगडं भिजलं होतं. मला वाटलं पाण्यानं. बाबांना कुणीतरी निरोप दिला, ते रिक्षा घेऊन आले. सरकारी दवाखान्यात तिला आत नेलं आणि आम्हाला बाहेर बसवलं. मुलगा होता. सगळी बोटं आली होती, नखं आली होती, रडला नाही.

नर्सबाई चांगली होती, पण दिवसभर तेच तेच बघून कावलेली. तिनं दार उघडलं आणि मायवर ओरडत ओरडतच आम्हाला आत घेतलं. "सातव्या महिन्यात काय उचललंस गं तू एवढं? काय, खडीच्या कामावर जात होतीस का? दगड उचलले का?"

माय छताकडं बघत होती. "न्हाई ओ बाई," ती म्हणाली. "पाणीच उचललं."

बाबा दाराशीच उभे होते.